सहा नंबरचा चौथा तास

४ जानेवारी

वन्सं,

कापसात गुंडाळलेली कुपी सोबत आहे. तिच्यावर '६' एवढंच लिहिलंय. आत काय आहे ते विचारू नका, सांगणार नाही. सांगितलं की नाक तेच शोधत बसतं. मागे मी 'दालचिनी' म्हणून बसले आणि चुकून दुसरीच कुपी टपालात टाकली, तरी तुम्हाला अख्खा दिवस दालचिनीच येत राहिली होती. गणिताच्या बाईंचं नाकसुद्धा अफवांवर विश्वास ठेवतं!

नियम तेच. डावा हात, कोपराच्या आतली बाजू, दोन थेंब. चोळायचं नाही, चोळलं की वरचा वास चिरडतो. त्या दिवशी वासाचा साबण नाही, तेल नाही. शाळेच्या प्रत्येक घंटेला हुंगायचं आणि येईल ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं. फोन करायचा नाही. फोनवर तुम्ही "छान आहे गं" म्हणून मोकळ्या होता. लिहायला बसलं की नाकाला जबाब द्यावा लागतो.

एवढं सांगते की हासुद्धा गोडातलाच आहे. आमच्या धंद्यात गोडाचे वास सगळ्यात लबाड. पहिली दहा मिनिटं केकच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं, गिऱ्हाईक तिथेच भुलतं, आणि दुपारी त्याचं काय झालं ते कुणी विचारत नाही. काहींची नुसती पिठीसाखर उरते. काहींचं दूध नासतं. मला दुपार हवी आहे.

माझ्या हातावर दुपार होतच नाही. माझी कातडी म्हणजे टीपकागद, अर्ध्या तासात सगळं पिऊन टाकते. म्हणून आधी हे काम तुमच्या भावाकडे होतं. दिवसभर हॉटेलात केक-पेस्ट्र्या करून आला तरी बिचारा मुकाट्याने हात पुढे करायचा. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आमची दोघांची कातडी एकच, आईकडची, उबदार आणि तेलकट. माझा हात घे." दीड वर्ष झालं, तुमच्या हातावरच माझा संसार चाललाय.

एका दुकानवाल्या बाईंनी नवा वास मागितलाय. सहा नंबर जमला तर त्यांच्या काचेच्या कपाटात चाळीस बाटल्या लागतील. तेव्हा नीट लिहा.

तुमची,
नाकू

(हे नाव तुम्हीच ठेवलंत. तेव्हा राग आला होता, आता माझ्या बाटल्यांवर तेच छापते.)


११ जानेवारी

नाकू,

मंगळवारी लावलं. वहीतलं उतरवते.

सकाळी साडेसात, घरी. आधी स्पिरिट, नाकात झिणझिण्या. मग एकदम साखर, कापसासारख्या गुलाबी साखरेची काडी तोंडाजवळ धरावी तशी. मनात म्हटलं, या वयात हे लावून वर्गात गेले तर पोरं मलाच चाटतील.

पहिला तास, आठवी. गुलाबीपणा गेला. साखर पातेल्यात वितळून सोनेरी झालीय. मागे दूध आहे.

दुसरा तास. दूध घट्ट झालं. यात अंडं आहे का गं? ओव्हनमधून काढलेलं कस्टर्ड जरा थरथरतं ना, ती थरथर तू वासात कशी आणलीस? भूगोलाच्या बाई शिक्षकखोलीत आल्या आणि म्हणाल्या, "डबा कुणी लपवलाय? मुकाट्याने बाहेर काढा." मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन मिनिटं सोडलाच नाही. शिपाई बघून गेला.

तिसरा तास. लोणी. साखर कडेकडेने करपायला लागलीय, पण तू तिला करपू देतेस आणि वेळेवर हात आखडतेस. किंचित मीठ.

चौथा तास. दहावीची चाचणी होती, लिहायचं राहून गेलं. जरा चक्करही आली. भूगोलाच्या बाईंनी पाणी आणून दिलं. उन्हामुळे असेल. घरी येऊन हात धुऊन टाकला.

सर्दी नाही, आधीच सांगते.

एक विचारू? यात व्हॅनिला कुठला घातलास?

वन्सं


१७ जानेवारी

वन्सं,

चौथाच तास राहिला? म्हणजे लग्नाला गेलात, जेवून आलात, आणि नवरा-नवरी बघायचे विसरलात!

पहिले तीन तास कुणीही करेल हो. साखर, दूध, लोणी, सगळं बाजारात मिळतं. गोड वास खरा मुरतो तो त्यानंतर. साखर थकते, दूध निघून जातं, आणि खालून जे वर येतं त्यात अर्धं माझं आणि अर्धं लावणाऱ्याच्या अंगातलं असतं. तेवढ्यासाठी तर तुमचा हात. पुन्हा लावा. चाचणी नसेल तो दिवस बघा. आणि खरंच उन्हाचीच चक्कर ना? जानेवारीत?

व्हॅनिलाचं तुम्ही कसं ओळखलंत? कपाटाच्या वरच्या फळीवरचा आहे. तुमच्या भावाने शेंगा चिरून स्पिरिटमध्ये मुरत घातल्या होत्या, जाण्याच्या आदल्या वर्षी. त्याच्या हातचं तेवढंच घरात उरलं होतं. सहा नंबरमध्ये निम्मं गेलं, निम्मं आहे.

नाकू


२५ जानेवारी

नाकू,

पुन्हा लावलं. पहिले तीन तास मागच्यासारखेच, परत लिहीत नाही.

चौथा तास. लोणी खवट झालं. जुन्या डब्याच्या झाकणाला येतो तसा वास. पाचव्या तासाला त्याहून वाईट. भूगोलाच्या बाईंनीसुद्धा नाक मुरडलं.

माझं ऐक, हा विकू नकोस. कस्टर्ड खायला बरं, मानेला लावायला नाही. कोण कुठल्या बायका, त्या हे लावून सिनेमाला जाणार, बाजारात जाणार, आणि दुपारी अंगाला हा वास. दुकानवाल्या बाईंना दुसरं काहीतरी दे. लिंबाच्या सालीचं कर. लिंबू कधी कुणाला नको झालंय?

वाईट वाटून घेऊ नकोस. तूच म्हणतेस, खरं लिहा.

वन्सं


८ फेब्रुवारी

वन्सं,

'खवट' वाचल्यावर दोन दिवस टेबलाकडे फिरकले नाही. लोण्याचं हे जुनं दुखणं आहे, एक थेंब इकडचा तिकडे झाला की पहिले दोन तास लाड करतं आणि मग उलटतं. मला वाटलं होतं या वेळी मी त्याला बांधून ठेवलंय.

अत्तरात एकदा मिसळलेलं बाहेर काढता येत नाही, वरून झाकता येतं. म्हणून सहा नंबरची सगळी बाटली घेतली. तिच्यात लिंबाची साल घातली, कोरडं लाकूड घातलं, आणि खवटपणा दाबायला उरलेला व्हॅनिला ओतला. सगळा. फळीवर आता रिकामी बरणी आहे. धुवायला हात होत नाही.

तो सात नंबर सोबत पाठवतेय. सहा नंबर आता जगात नाही असं समजा. तुमच्याकडे चार थेंब राहिले असतील तर फेकून द्या, नाहीतर कपाटभर खवट होईल.

नाकू


१५ फेब्रुवारी

नाकू,

सगळी बाटली? थोडीसुद्धा बाजूला काढली नाहीस? तुझी तर सवय आहे ना प्रत्येक नंबरचा नमुना ठेवायची?

असो. सात नंबर छान आहे. चौथ्या तासाला लिंबाची साल आणि रंधा मारलेलं लाकूड. कुणाच्याही मानेवर शोभेल. दे दुकानात.

परीक्षा जवळ आल्यात, फार लिहीत नाही.

वन्सं


२ मार्च

वन्सं,

नमुना ठेवते तो चांगल्याचा. खवट झालेल्याचा कशाला ठेवेन?

काल मला एक पत्र आलं. वहीच्या पानावर, हिरव्या शाईने. तुमच्या भूगोलाच्या बाईंचं. माझा पत्ता त्यांनी तुमच्या पिशवीतल्या खोक्यावरून उतरवून घेतला म्हणे, आणि त्याबद्दल दोनदा माफी मागितलीय. त्यातलं एवढं तुमच्यासाठी लिहिते:

"तुमच्या नणंदबाई जानेवारीत जे लावून यायच्या ते मला हवंय. लिंबाचं नाही, आधीचं. सकाळी केकसारखं असतं ते नव्हे, मधल्या सुट्टीच्या आधी जसं होतं तसं. माणूस शेजारी येऊन बसल्यासारखं वाटतं. मी बाईंना विचारलं तर म्हणतात संपलं. पण महिनाभर तर रोज लावून यायच्या. पहिल्या दिवशी त्या वर्गाच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या आणि हात नाकाशी होता. मी पाणी नेलं तर म्हणाल्या, 'काही नाही, माझा भाऊ आला होता.' मला वाटलं, शाळेत कुणी भेटायला आलं असेल."

खोटं बोलायचं तर निदान साक्षीदार तरी बघून निवडायचा, वन्सं. नाक मुरडलं म्हणे!

रोज लावत होतात. आणि मला लिहिलंत खवट. मी त्याच्या हातचा शेवटचा थेंब लिंबात ओतला, तुमच्या एका शब्दावर.

का?

नाकू


७ मार्च

नाकू,

तुझं पत्र आल्यापासून चार वेळा लिहायला बसले. गणितात निदान खोडून पुन्हा मांडता येतं.

तो चौथा तास असा होता. साखर गेली. दूध गेलं. उरली ती करपलेली कड, मीठ, लोण्याचा तेलकटपणा, आणि खालून माझं अंग. मी फळ्यावर कोन काढत होते. हात वर केला आणि माझा भाऊ आला. आठवल्यासारखं नाही, आला. पहिली नोकरी लागली तेव्हा तो बेकरीतून तसाच घरी यायचा. आई ओरडायची, "पाय धू, हात धू, मग शिव कशालाही." तो तसाच माझ्या टेबलाशी बसायचा, माझ्या वहीवर डोकं ठेवून झोपायचा. माझ्या बीजगणिताच्या वहीला शेवटपर्यंत तेलाचे डाग होते. तोच, अगदी तोच. मी दार धरलं.

आणि तू लिहिलं होतंस, काचेच्या कपाटात चाळीस बाटल्या.

मला वाटलं, तुला माहीतच नाही तू काय केलंयस. चुकून जमलंय तुला. तू त्याला चाळीस अनोळखी मानांवर वाटून टाकणार. रस्त्यात कुणी बाई शेजारून जाईल आणि माझा भाऊ तिच्याबरोबर पुढे निघून जाईल. ते मला सहन होईना. तुला सरळ "विकू नकोस" म्हणाले असते तर तू कारण विचारलं असतंस, आणि कारण सांगितलं असतं तर तुलाही ते सहन करावं लागलं असतं. म्हणून खवट म्हटलं. तू नुसती बाजूला ठेवशील असं वाटलं होतं. ओतून टाकशील हे डोक्यात आलं नाही. हे सगळं आता शहाणपणाचं दिसत नाही.

माझ्याकडे अजून सहा-सात थेंब आहेत. कुपी परत पाठवते. तुझ्या नाकाने तपास, पुन्हा बांध. काही तरी कर.

रागावली असशील तर रागाव. बोलणं मात्र टाकू नकोस.

वन्सं


१४ मार्च

वन्सं,

कुपी पाठवू नका.

दुकानवाल्या बाई नाहीत. कधीच नव्हत्या. चाळीस बाटल्या नव्हत्या. मी बनवून सांगितलं.

तुम्हाला वाटलं मला माहीत नाही. अहो, मी अकरा महिने दुसरं काय करत होते? एक, दोन, तीन, चार, पाच, सगळे त्याच्यासाठीच होते. एकात नुसता केक आला, तीनमध्ये दुधाची पावडर, पाचमध्ये तर औषधाच्या गोळ्या. सहाच्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी आहे. पण माझ्या हातावर ते अर्ध्या तासात मरतं. चौथ्या तासापर्यंत फक्त तुमचा हात जातो. आणि मी सांगितलं असतं, "वन्सं, यात तो येतो का बघा," तर कुपीत नुसतं पाणी असतं तरी तुम्हाला तो आला असता. दालचिनीसारखा. म्हणून सांगायचं नाही ठरवलं. म्हणून दुकानाची गोष्ट. तुम्ही काही माहीत नसताना, कुणी न विचारता लिहिलं असतंत, "आज माझा भाऊ आला होता," तर मी विश्वास ठेवला असता. त्या एका वाक्याची वाट बघत मी पोस्टमनला रोज चहा पाजत होते.

आणि ते वाक्य तुम्ही म्हणालात. भूगोलाच्या बाईंना.

राग आहे. खूप आहे. तुमच्यावर आहे आणि दुकानवाल्या बाईंवरही आहे. पुन्हा बांधायचं म्हणता, तर कृती वहीत आहे, पण त्याने मुरवलेला व्हॅनिला नाही. नव्या शेंगा मुरायला दोन वर्षं, आणि त्या माझ्या हातच्या असतील.

कुपी इथे येऊन काय करेल? माझ्या हातावर साखर आणि दूध, बस्स. हात टपालाने पाठवता येतो का?

नाकू


१८ मार्च

नाकू,

टपालाने नाही, बसने येतो.

गणित मांडलंय. लावल्यापासून चौथ्या तासाची घंटा तीन तास पंचवीस मिनिटांनी होते. सकाळची पहिली बस तुझ्या गावाला चार तास दहा मिनिटं घेते, पुढे तुझ्या दारापर्यंत पायी दहा मिनिटं. म्हणजे घरून लावून निघाले तर उशीर. बसमध्ये बसल्यावर पंचावन्न मिनिटांनी लावायचं. तिथे साखर कारखाना लागतो, त्याची मळी नाकात जाईल, म्हणून पूल ओलांडून लावीन. अठ्ठावीस तारखेला रविवार आहे. दोन थेंब नाही, सगळे लावणार आहे. ठेवून काय करू?

 दार उघडलंस की काही बोलू नकोस. आधी हात घे.

बस वेळेवर यावी एवढंच. या बसचा इतिहास चांगला नाही.

वन्सं


३ एप्रिल

वन्सं,

तुम्ही पोहोचल्याचं पत्र मिळालं. "मन हलकं झालं" हेही वाचलं. म्हणून हे लिहायला सहा दिवस लागले.

बस वेळेवर आली. तुमचं गणित चुकलं नाही. मी दार उघडलं, तुम्ही उंबऱ्यात हात पुढे करून उभ्या होतात, बाही वर केलेली, कोपर बसमध्ये कुठे टेकू नये म्हणून अंगापासून लांब धरलेलं. सव्वातीन तास तशा बसून आला होतात. मी नाक लावलं. तुम्ही विचारलंत, "आला?" मी म्हणाले, "हो वन्सं. तोच." आणि तुम्ही तिथेच, चपला न काढता, मटकन खाली बसून रडलात.

आता जबाब लिहिते. तुम्ही लिहिलात तसा नव्हे, तुम्ही लिहायला हवा होता तसा.

सकाळी अकरा दहा, दारात. करपलेल्या साखरेची कड, नाजूक, कुठेही कडू नाही. मीठ. लोणी उबदार, खवट मुळीच नाही. खाली अंगाचा तेलकट, गोडसर वास, मान आणि उशी यांच्या मधला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. भूगोलाच्या बाई बरोबर म्हणतात, माणूस शेजारी येऊन बसतो.

तो माणूस मला माहीत नाही.

मी पुन्हा हुंगलं, तुम्ही रडत होतात तेव्हा, तुम्ही जेवत होतात तेव्हा, दुपारी तुमचा डोळा लागला तेव्हाही. नाही. तो तुमचा भाऊ आहे. बेकरीतून तसाच येऊन वहीवर झोपणारा. माझ्या घरी तो तसा कधी आलाच नाही. हॉटेलात कामगारांची मोरी होती. तिथे तो डोक्यावरून पाणी घेऊन, कपडे बदलून यायचा, रोज, न चुकता. म्हणायचा, "दिवसभर साखरेत असतो, घरी तरी माणसासारखा येऊ दे." बारा वर्षं माझ्या शेजारी जो झोपला त्याच्या अंगाला साखर नव्हती. हे मला माहीत होतं, वन्सं. रोज माहीत होतं. तरी तो केकवाला, म्हणून मी त्याला अकरा महिने केकमध्ये शोधत बसले. माझ्याच नाकाला कुणीतरी आधी सांगून ठेवल्यासारखं ते वागलं.

त्याला मोरीतल्या साबणाचा वास यायचा. ओल्या केसांचा, आणि साबणाचा.

तुम्हाला हे न सांगता राहता आलं असतं. तुम्ही सुखात होतात. पण तुम्ही मला सुखात ठेवायला एकदा खवट लिहिलंत, आता मी माझं दारातलं 'तोच' तसंच राहू दिलं तर आपल्या दोघींत कुणाच्याच शब्दाला वास उरणार नाही.

सहा नंबर तुमचा होता. तुमच्या हातावर, तुमच्या भावाचा. मी तो लिंबात ओतला याचं मला आता वाईट वाटतं ते तुमच्यासाठी. कृती सोबत लिहून देतेय, व्हॅनिलाची जागा मोकळी सोडलीय.

परवा मी हॉटेलात गेले होते. मोरीत आता पांढरा पातळ साबण आहे, भिंतीवरच्या डब्यातून येणारा. आधीचा वडीचा होता एवढं एका जुन्या आचाऱ्याला आठवतं. "हिरवा होता बहुतेक," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, "छे, पिवळा." मी घरी येऊन वही उघडली आणि पहिल्या ओळीवर 'साबण' एवढंच लिहिलं. तासभर बसले. वासाचा धंदा करणारी बाई, आणि पुढे एक शब्द नाही.

तो साबण तुम्ही हुंगला असण्याचा प्रश्नच नाही. तरी विचारते, तुमचा भाऊ हॉटेलातून आंघोळ करून कधी तुमच्याकडे आला होता का?

नाकू